आज नॉर्मल कोण?

त्या प्रयोगशाळेत रोज सकाळी नऊच्या सुमाराला एक प्रश्न विचारला जायचा. बाहेरच्या कुणी तो ऐकला असता, तर त्याला वाटलं असतं की आपण भलत्याच इस्पितळात शिरलो.

“आज नॉर्मल कोण?”

अर्थ एवढाच, की आजाऱ्याच्या रक्ताशेजारी ठेवून बघायला एका धडधाकट माणसाचं रक्त लागतं, ते आज कोण देणार? पण प्रश्न निघाला की थट्टेला ऊत यायचा. कुणी म्हणायचं, “माझं लग्न झालंय, मला धरू नका.” कुणी म्हणायचं, “माझ्या सासूला फोन लावा, ती लेखी देईल की मी नॉर्मल नाही.” स्टोअर सांभाळणारे मामा सुईचं नाव काढलं तरी पांढरेफटक पडायचे आणि हातमोज्यांची खोकी मोजायला आत पळायचे. शेवटी बाही वर करायची ती पट्टी.

पट्टी हे तिचं टोपणनाव. रक्तातल्या पेशी फोडून त्यातली प्रथिनं जेलमधून पळवली, की शेवटी फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटतात. त्या पट्ट्या इतक्या नेटक्या, इतक्या सरळ दुसऱ्या कुणाच्या यायच्या नाहीत. अकरा वर्षं ती हेच करत होती. मधे बाळंतपणाची रजा झाली. परत आली तेव्हा घरी पाच महिन्यांचा गुंड्या आजीच्या मांडीवर सोडून आली होती. आता तो आठ महिन्यांचा होता, दोन दात दाखवून हसायचा, आणि दिवसातून दोनदा ती स्टोअरमागच्या खोलीत दार लावून त्याच्यासाठी दूध काढून ठेवायची.

त्या सोमवारीही नॉर्मल तीच झाली. अंगात जरा कणकण होती, पण रात्रभर गुंड्याने झोपू दिलं नव्हतं, तेव्हा कणकण असायचीच, असं म्हणून तिने दंड पुढे केला.

शेजारची नळी होती सहा वर्षांच्या एका मुलीची. दीड वर्ष त्या पोरीचा ताप हटत नव्हता. सांधे सुजलेले, सकाळी उठल्यावर मूठ उघडायची नाही. जंतू सापडत नव्हते. दर पंधरा दिवसांनी तिला एक महागडं इंजेक्शन मिळत होतं आणि त्याने काडीचाही फरक पडला नव्हता. गुरुवारी चार वाजता डॉक्टरांची बैठक होती. तिथे ठरायचं होतं की इंजेक्शन दुप्पट करायचं आणि अजून तीन महिने बघायचं. मुलांच्या विभागातल्या डॉक्टरबाईंना दुप्पट करण्याआधी एक गोष्ट हवी होती: या मुलीच्या पेशी निरोप नीट ऐकतात का, एवढं सांगा.

निरोप म्हणजे सायटोकाइन. एक पेशी दुसरीला सांगावा धाडते, ताप आण, सूज आण, लढायला ऊठ. तो सांगावा पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला येऊन लागतो आणि मग आत एकामागून एक माणसं जागी व्हावीत तशी प्रथिनं जागी होतात. जागं झालेल्या प्रथिनावर फॉस्फेटची एक बारीकशी खूण बसते. फिल्मवर पट्टी येते ती त्या खुणेची. निरोप दिला नाही तर पट्टी नाही. निरोप दिला तर पट्टी काळीकुट्ट. इतकं सोपं.

मंगळवारी सकाळी डार्करूमच्या लाल उजेडात तिने फिल्म वर उचलली. चार लेन होत्या, दर नमुन्याची एक उभी रांग. नॉर्मल, निरोपाविना. नॉर्मल, निरोप देऊन. मुलगी, निरोपाविना. मुलगी, निरोप देऊन. चारही काळ्या.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी ती फिल्म खिडकीशी धरली.

“ही फिल्म आहे की भिंतीवर पोतेरं मारलंय?”

“सर, मी नळ्या दोनदा तपासल्यात.”

“दोनदा तपासल्यास आणि चारहींत निरोप ओतलास. निरोपाशिवाय नॉर्मल माणसाच्या पेशी पेटतील कशा? सांग ना.” सर वाईट नव्हते. तिला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या आठवड्यात त्यांची दहा कामं तुंबली होती. “लक्ष कुठे असतं हल्ली तुझं? पोराला दात येतायत का?”

“आलेत दोन. त्यांचा नळ्यांशी संबंध नाही.”

“बरं, चिडू नकोस. लिही, ‘तांत्रिक चूक, निकाल नाही.’ खाली सही कर. पुढच्या महिन्यात सावकाश करू.”

“आणि गुरुवारी?”

“गुरुवारी ते त्यांचं बघतील. दुप्पट करतील. आपल्यावाचून काय अडलंय त्यांचं?”

कोरा फॉर्म घेऊन ती स्टोअरमागच्या खोलीत गेली. दूध काढायची वेळ झाली होती. पंप लावला आणि कळ अशी मस्तकात गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. डावी बाजू दगडासारखी घट्ट, लालभडक, हात लावू देईना. दुधाच्या गाठी धरल्या होत्या. प्रथमोपचाराच्या पेटीतलं थर्मामीटर काखेत धरून ती भिंतीला टेकून बसली. एकशे दोन.

आणि मग, तशीच बसल्या बसल्या, तिला हसू फुटलं.

कणकण! सोमवारी सकाळीच अंगात ताप होता. तिचं स्वतःचं रक्तच निरोपांनी तुडुंब भरलेलं. प्रयोगशाळेने ज्या बाईला नॉर्मल म्हणून खुर्चीत बसवलं, ती त्या दिवशी नॉर्मल नव्हतीच. नळ्यांत कुणी काही ओतलं नव्हतं. पेशी आधीच पेटून आल्या होत्या.

हसू ओसरलं तशी लाज वाटली. अकरा वर्षांत असली चूक झाली नव्हती. आता तर सही करायला काहीच हरकत नव्हती, चूक खरोखरच तिची होती. तिने पेन काढलंही. पण फॉर्मवर मुलीचं वय लिहिलेलं होतं, आणि तिच्या मनात आलं, माझ्या दोन लेन मी बिघडवल्या. पोरीच्या कुणी बिघडवल्या?

ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, थर्मामीटरच्या आकड्यासकट.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “झालं तर मग. सापडली चूक. कर सही.”

“सही नाही करणार.”

“म्हणजे?”

“चूक माझी आहे, ती मी माझ्या हाताने लिहून देते. पण ती माझ्या रक्ताची आहे, मुलीच्या नाही. ‘निकाल नाही’ असं मी लिहिणार नाही. तिच्या लेनमध्ये काहीतरी आहे, ते काय आहे हे आपल्याला अजून माहीत नाही, इतकंच.”

“अगं, तिला ताप आहे. तुझ्यासारख्याच तिच्याही रक्तात निरोप असणार. पेटणारच पेशी. त्यात नवल ते काय?”

“मग धुऊन बघू ना. दोघींच्याही पेशी स्वच्छ धुवायच्या, निरोप नसलेल्या द्रवात चार तास स्वस्थ ठेवायच्या. बाहेरून आलेला निरोप असेल तर गप्प होतील.”

“ती विश्रांती आपण अर्ध्या तासावर आणलीय.”

“तुम्ही आणलीत, सर. काम लवकर उरकावं म्हणून.”

बाहेर सेंट्रिफ्यूज घुमत होतं.

“ते मी कुठे लिहिणार नाहीये,” ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. “पण या वेळी पूर्ण चार तास देणार आहे.”

“परवानगी मागतेयस की सांगतेयस?”

“सांगतेय.”

“आणि गुरुवारी पुन्हा पोतेरं निघालं तर?”

“तर ‘तांत्रिक चूक’ मीच लिहीन. लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.”

डॉक्टरबाईंना फोन करून तिने दोन गोष्टी मागितल्या: मुलीचं ताजं रक्त, आणि त्या इंजेक्शनच्या बाटलीत तळाशी उरलेले चार थेंब. तासाभरात दोन्ही आलं. घेऊन आली ती मुलीची आई. पोरगी वॉर्डात झोपली होती. बाई शिलाईकाम करणारी होती. ओढणीच्या टोकाला दोन टाचण्या टोचलेल्या, तशाच विसरून आली होती.

“ताई, परत रक्त का? काही बिघडलं का?”

“बिघडलं. माझ्याकडून,” पट्टी म्हणाली. “मला ताप होता आणि मीच धडधाकट म्हणून बसले. तुमच्या पोरीला परत टोचावं लागलं, माफ करा.”

बाईने तिच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही तर आत्ताही तापलेल्या दिसताय. अंगावर पाजताय ना? कोबीची थंड पानं ठेवा. मला होऊन गेलंय सगळं.” मग म्हणाली, “मला एक सांगाल? सगळे म्हणतात, इंजेक्शन दुप्पट. ते करतं काय नेमकं? विचारलं की म्हणतात, तुम्हाला नाही कळायचं.”

पट्टीने तिच्या टाचण्यांकडे पाहिलं. “टिचबटण लावता ना तुम्ही?”

“दिवसाला शंभर.”

“पेशीच्या अंगावर अशा टिचबटणाच्या वाट्या असतात. एक इकडे, एक तिकडे, सुट्या. निरोप येतो तो बोटासारखा. दोन वाट्या एकमेकींवर दाबतो. टिच्! वाट्यांना स्वतःला काही करता येत नाही, पण आतल्या बाजूला प्रत्येकीला एक कामगार चिकटलेला असतो. वाट्या जुळल्या की कामगार शेजारी शेजारी येतात, एकमेकांना ढोसून जागं करतात, आणि मग आतल्या निरोप्यावर शिक्का मारतात. निरोप्या पळत जातो थेट पेशीच्या गाभ्यात आणि सांगतो, ताप आणा, सूज आणा.”

“आणि इंजेक्शन?”

“ते बाहेर उभं राहून येणारं बोट धरून ठेवतं. दाबू देत नाही.”

नकळत बाईचा अंगठा तर्जनीवर दाबला जात होता. मग ती हळूच म्हणाली, “आणि ताई, बटण आधीच लागलेलं असेल तर? कधीकधी येतात तशी, कारखान्यातूनच जाम झालेली. मग बाहेर बोट धरून काय उपयोग?”

हेच पट्टीच्या मनात होतं, पण इतक्या सरळ शब्दांत तिने ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

“तेच बघायचंय,” ती म्हणाली. “आणि बटण जाम असेल, तर आतल्या कामगारालाच झोपवणारं औषध असतं. गोळी असते.”

“कधी कळेल?”

“गुरुवारी, चारच्या आत.”

आता नॉर्मल हवा होता. ती सरळ स्टोअरमध्ये गेली. मामा हातमोजे मोजत होते.

“मामा, बाही वर करा.”

“पोरी, मी? माझं वय बघ. माझ्या रक्तात आता राहिलंय काय?”

“ताप नाही ना? सर्दी? दाढदुखी? कुठे काही सुजलंय?”

“काही नाही गं, ठणठणीत आहे,” मामा म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्यांनी डोळे मिटले. रक्त निघेपर्यंत ते मोठ्याने सोळाचा पाढा म्हणत होते. सोळा सत्तेपाशी दोनदा अडखळले, पण हात हलवला नाही.

तापाची गोळी घेण्याआधी तिने स्वतःचंही रक्त काढून घेतलं. या वेळी नळीवर ‘नॉर्मल’ लिहिलं नाही. स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘ताप १०२’. जी चूक झाली होती तिलाच तिने कामाला जुंपलं: बाहेरच्या निरोपाने पेटलेल्या पेशी कशा दिसतात, ते दाखवायला याहून चांगलं रक्त तिला कुठे मिळणार होतं?

जेलला दहा खण. पहिला मापाच्या शिडीचा, म्हणजे ठाऊक आकाराच्या प्रथिनांचा. मग मामांचे तीन: लगेच फोडलेल्या पेशी, विश्रांतीनंतरच्या, आणि मुद्दाम निरोप दिलेल्या. तिचे दोन: लगेच, आणि विश्रांतीनंतर. मुलीचे चार: लगेच, विश्रांतीनंतर, विश्रांतीत इंजेक्शनचे थेंब घातलेल्या, आणि शेवटचा, कामगाराला झोपवणारं औषध घातलेल्या. एकही खण चुकवायला जागा नव्हती.

पेशी चार तास ठेवून, फोडून, तिने त्या संध्याकाळी बर्फात बंद केल्या आणि वेळेवर घरी गेली. डॉक्टरने दिलेलं औषध घेतलं, कोबीची पानं ठेवली, आणि गुंड्याला दुखऱ्या बाजूलाच आधी घेतलं, कारण मोकळं व्हायचं तर तोच उपाय होता. त्याने दोन दात लावले तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून नवरा दारातूनच परत फिरला. गुंड्या मात्र मजेत तिच्या नाकाला हात लावत पीत राहिला. बुधवारी ताप उतरला. बुधवारी जेल पळवलं, त्यातली प्रथिनं कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवली, खूण ओळखणारं प्रतिद्रव्य घालून पडदा थंड खोलीत ठेवला. सर दोनदा तिच्या टेबलाजवळून गेले.

गुरुवारी दुपारी पावणेतीनला ती डार्करूममध्ये शिरली. फिल्म द्रवात बुडवली आणि नेहमीसारखे आकडे मोजायला लागली. वीस झाले, काही नाही. तीसच्या आसपास काळं धरू लागलं.

मामा: काही नाही, काही नाही, काळी.

ती: काळी. आणि मग, काही नाही. चार तासांत तिच्या पेशी शहाण्यासारख्या गप्प झाल्या होत्या.

मुलगी: काळी. काळी. इंजेक्शन घातलं तरी काळी, तसूभरही कमी नाही.

शेवटचा खण स्वच्छ. औषधाने कामगार झोपला होता.

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, कारण सरांचा पहिला प्रश्न काय असेल हे तिला ठाऊक होतं. शेवटच्या खणात प्रथिनच कमी पडलं असेल तर? पहिली फिल्म पाण्यात तशीच ठेवून तिने तोच पडदा पुन्हा लावला, खूण असो नसो, ते प्रथिन मोजणारं प्रतिद्रव्य घालून. ती फिल्म हातात यायला चार वाजून दहा मिनिटं झाली. नऊच्या नऊ लेन सारख्या.

बैठकीच्या खोलीचं दार बंद होतं. टेक्निशियन तिथे जात नसत, तशी रीत नव्हती. निकाल सरांच्या हाती द्यायचा, सर बोलायचे. आणि सर आत होते. तिने दार ढकललं. दोन्ही फिल्म अजून ओल्या होत्या, म्हणून ती त्या टोकाला धरून, वाळत घालायला निघाल्यासारखी आत शिरली.

कुणीतरी म्हणालं, “बाई, इथे बैठक चालू आहे.”

“म्हणूनच आले,” ती म्हणाली. “दुप्पट ठरलं का?”

“ठरतच होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खुर्ची मागे सारून उठल्या. “दाखवा.”

तिने फिल्म खिडकीच्या काचेला लावली. ओली होती, आपोआप चिकटली. तिने बोटाने एकेक लेन दाखवली. आधी स्वतःच्या दोन दाखवल्या आणि सोमवारची चूक सगळ्यांसमोर सांगितली. कुणीतरी खुदकन हसलं. तिने हसू दिलं. मग मुलीच्या चार.

“निरोप धुऊन टाकला तरी पेशी बोलतातच,” ती म्हणाली. “इंजेक्शन निरोप अडवतं. पण इथे निरोप कुणी पाठवतच नाहीये. दुप्पट केलंत, चौपट केलंत, तरी ही तिसरी पट्टी अशीच राहणार. तोवर पोरीची मूठ कायमची मिटेल. आणि दुप्पट इंजेक्शनावर तिला खरंच एखादा जंतू लागला, तर तिच्याकडे लढायला काही उरणार नाही.”

सर उठून खिडकीशी आले. “शेवटच्या लेनमध्ये प्रथिन—”

तिने दुसरी फिल्म त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. वाकून नऊ लेन मोजल्या, पुन्हा मोजल्या. “एकाच पेशंटचं एकच जेल आहे हे,” ते म्हणाले. “जनुकं तपासल्याशिवाय दोष रिसेप्टरमध्ये आहे की कामगारात, हे सांगता येणार नाही.”

“नाही येणार,” ती म्हणाली. “मीही सांगत नाहीये. बाहेरून नाही, आतून आहे, एवढंच सांगतेय.”

“तेवढं मात्र,” सर सावकाश म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले, “तेवढं मात्र खरं दिसतंय.”

डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दुप्पट करण्याचा कागद उलटा करून ठेवला. जनुकांची तपासणी आजच पाठवायची, आणि संध्याकाळपासून लहान मात्रेत गोळी सुरू करून रोज रक्त बघायचं, असं ठरलं. दोघातिघांनी कुरकुर केली. बाईंनी काचेवरच्या तिसऱ्या पट्टीकडे नुसतं बोट दाखवलं.

शुक्रवारी सकाळी सूचना फलकावर एक टाइप केलेला कागद लागला होता: तांत्रिक कर्मचाऱ्यांनी पूर्वपरवानगीशिवाय वैद्यकीय बैठकीत प्रवेश करू नये. खाली सरांची सही, आणि प्रत्येकाने वाचल्याची खूण म्हणून सही करायला जागा.

मामा कागदापुढे उभे राहून चुकचुकत होते. “तुझ्यासाठीच आहे गं हे. कर मुकाट्याने सही, मिटव.”

पट्टीने खिशातून पेन काढलं. ‘वाचलं’ असं लिहिलं, सही केली. मग जरा विचार करून त्याच ओळीत, जागा पुरेना म्हणून समासात शिरत, पुढे लिहिलं: ‘गोळी सुरू केल्यानंतरच्या लेन दाखवायच्या आहेत. पुढच्या गुरुवारी चार वाजता परवानगी असावी. आज नाही मिळाली, तर उद्या पुन्हा मागेन.’